गौण खनिजाची मोठी वाट: घोरावडेश्वर ते मोशी

इटलीच्या सार्डिनिया बेटावर एक पायवाट आहे. 'कम्मिनो मिनेरारिओ दि सान्ता बार्बारा' हे तिचं नाव. सान्ता बार्बारा ही खाण कामगारांची संत, म्हणून वाटेला तिचं नाव दिलं आहे. लांबी सुमारे ५०० किलोमीटर. शिसं, जस्त आणि कोळशाच्या बंद पडलेल्या खाणी, त्यांचे जुने रेल्वेमार्ग, खेचरांच्या वाटा आणि ओस पडलेल्या कामगार वस्त्या या वाटेने जोडल्या आहेत. ती बुग्गेर्रू गावातून जाते. तिथे १९०४ साली संपकरी खाण कामगारांवर गोळीबार झाला होता. चालणाऱ्याला ते ठिकाण दाखवलं जातं, तारीख सांगितली जाते. खाण बंद झाली, पण तिचा इतिहास चालायला मोकळा आहे.

आता आपल्याकडे या. पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटलं की डोळ्यांसमोर कारखाने येतात, खाणी येत नाहीत. पण हे अख्खं शहर खाणीतून आलं आहे. कोळसा किंवा लोखंड नव्हे, दगड. रस्त्याखालची खडी, शेडच्या पायातला डबर, स्लॅबमधलं काँक्रीट, हे सगळं कुठल्यातरी टेकडीचं पोट फाडून आलंय. त्या टेकड्या जवळच होत्या, कारण दगड हा लांबून आणायचा माल नाही. वजन जास्त, किंमत कमी. वाहतुकीचा खर्च दगडाच्या किमतीला लगेच गाठतो. म्हणून शहर जिथे वाढतं, तिथेच शेजारी खाण पडते.

या लेखात मी तुम्हाला एक वाट सुचवणार आहे: घोरावडेश्वर, भंडारा, भामचंद्र, चाकण, मोशी. दोन दिवसांत होते. या वाटेवर फलक नाहीत, टप्पे ठरलेले नाहीत. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यासाठी ही चांगली शाळा आहे, कारण इथे इतिहासाचा मुख्य पुरावा म्हणजे एक खड्डा आहे. जे आता जागेवर नाही, त्याचा अभ्यास कसा करायचा, हा या वाटेवरचा खरा प्रश्न.

'गौण' या शब्दापासून सुरुवात

आधी एक शब्द. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात इमारतीचा दगड, मुरूम, सामान्य वाळू यांना 'गौण खनिज' म्हटलं आहे. त्यांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला आहे. म्हणजे कोळसा, लोखंड आणि मॅंगनीज एका बाजूला. आपली खडी दुसऱ्या. कायद्याच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे. पण शब्द कागदावरून उतरून डोक्यात बसतो. मोठ्या खनिजांवर पुस्तकं निघतात, कंपन्यांचे इतिहास लिहिले जातात, संग्रहालयं होतात. गौण खनिजाची नोंद तहसील कार्यालयात स्वामित्वधनाच्या पावतीपुरती राहते.

पहिला धडा इथेच घ्या. तुमच्या विषयातला एखादा प्रशासकीय शब्द दिसला, की त्याने काय झाकलं गेलं ते विचारा. 'गौण' हा दगडाचा गुणधर्म नाही, ती नोंदवहीतली जागा आहे.

घोरावडेश्वर: जिथे पोकळीच हवी होती

सोमाटण्याजवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून घोरावडेश्वरचा डोंगर आहे. पायऱ्या चढून गेलं की शेलारवाडीची लेणी लागतात. मूळ बौद्ध लेणी, पुढे चैत्यगृहात शिवलिंग आलं. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. तुकाराम महाराज ज्या डोंगरांवर एकांतात जात अशी परंपरा आहे, त्यातला हा एक.

लेणं म्हणजे काय, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदा दगडाच्या बाजूने बघावं. आपल्या भागातला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थरांमध्ये आला. काही थर घट्ट आणि काळे, काही थरांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यात नंतर पांढरे स्फटिक भरलेले. कोरणाऱ्यांना हा फरक माहीत असणार. अखंड, कमी भेगांचा थर निवडल्याशिवाय छत टिकत नाही. म्हणजे लेणं हेही उत्खननच आहे. फक्त त्यात पोकळी ठेवायची होती आणि दगड टाकून द्यायचा होता. खाणीत नेमकं उलट होतं. दगड न्यायचा, पोकळी टाकून द्यायची.

हा एक फरक लक्षात ठेवला तर पुढची अख्खी वाट वाचता येते.

शेलारवाडीच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने, आपल्या मुलासह, लेणं दान केल्याचं त्यात कोरलं आहे. राजा नाही, राणी नाही. नांगर धरणाऱ्या घरातली बाई. याच वाटेने पश्चिमेला, लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याचं चैत्यगृह आहे. तिथल्या एका लेखात धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराने लेण्याचं दार केल्याचं म्हटलं आहे. त्याच्या वडिलांचं नावही दिलंय. सुमारे दोन हजार वर्षं झाली, त्या कारागिराचं नाव आपल्याला वाचता येतं.

हे नाव जपून ठेवा. वाटेच्या शेवटी त्याची गरज पडणार आहे.

भंडारा आणि भामचंद्र: दोन डोंगर, दोन हिशेब

घोरावडेश्वरहून उतरून इंद्रायणी ओलांडली की भंडाऱ्याचा डोंगर. खाली नदीकाठी देहू. भंडाऱ्यावरही लहान लेणी आहेत, पण लोक येतात ते तुकोबांसाठी. त्याच्या ईशान्येला, खेड तालुक्यात शिंदे-वासुली गावांजवळ भामचंद्र डोंगर आहे. तोही तुकोबांच्या एकांताचा, तिथेही लेणी.

भामचंद्रावर चढून खाली बघा. चाकण औद्योगिक क्षेत्राचे टप्पे पायथ्याशी येऊन भिडले आहेत. शेडच्या निळ्या-पांढऱ्या छपरांमधून डोंगर वर आलेला दिसतो. हा डोंगर आणि परिसर वाचावा म्हणून वारकऱ्यांनी आंदोलनं केली आहेत. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. या पट्ट्यात कुठली टेकडी खाण झाली आणि कुठली टेकडी राहिली, याचं उत्तर फक्त भूशास्त्रात मिळत नाही. दगड दोन्हीकडे तोच. एका टेकडीला अभंगाची आठवण होती, तिच्यासाठी बोलणारी माणसं होती. दुसरीला गट नंबर होता.

संशोधनात याला नियंत्रण-तुलना म्हणता येईल. दोन ठिकाणं जवळपास सारखी, एक घटक वेगळा. फक्त इतिहासात ती प्रयोगशाळेत करता येत नाही, चालत जाऊन शोधावी लागते.

चाकण: सुरुंग या शब्दाचा जुना अर्थ

चाकणच्या गर्दीत, दुकानांच्या मागे संग्रामदुर्ग हा भुईकोट उभा आहे. १६६० साली शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो पन्नासहून अधिक दिवस लढवला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून, त्यात दारू भरून बुरूज उडवला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

त्या भुयाराला आपण सुरुंग म्हणतो. खाणीत दगडात भोक पाडून दारू ठासतात, त्यालाही सुरुंगच म्हणतात. लष्कराचं तंत्र आणि खाणीचं तंत्र एकाच घरातलं आहे. पुढे दोनशे वर्षांनी बोर घाटात रेल्वेचे बोगदे खणताना हेच तंत्र हजारो कामगारांच्या हातात आलं. त्या घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला मार्ग खुला झाला. कामाच्या ऐन भरात ४० हजारांहून अधिक माणसं तिथे होती. पटकी आणि इतर आजारांनी त्यातली किती गेली, याचे अंदाज आहेत. ठेकेदार आणि इंजिनीयर यांची मात्र नावं आहेत.

मुंबई-पुणे रेल्वे चिंचवडवरून गेली आणि पुढच्या शतकातल्या कारखान्यांची जागा एका अर्थी तेव्हाच ठरली.

मोशी: जिथे दगड हवा होता

चाकणहून पुणे-नाशिक रस्त्याने कुरुळी, चिंबळी करत खाली आलं की पुन्हा इंद्रायणी आणि पलीकडे मोशी. इथे जुन्या-नव्या दगडखाणी, क्रशर, खडीचे ढीग. काही खाणी चालून संपल्या आहेत. उभ्या काळ्या भिंती, तळाला हिरवं पाणी, कडेने बाभळी. शहराचा कचरा डेपोही मोशीतच आहे आणि २०२३ मध्ये तिथे कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. जिथून शहर बाहेर काढलं, त्याच गावात शहराने टाकलेलंही येऊन पडतं.

खाणीची भिंत वाचायची तर शहराचं वेळापत्रक हाताशी हवं:

१९५४ — पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स.
१९६२ — महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना, पुढे भोसरी-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात औद्योगिक भूखंड.
१९७२ — नवनगर विकास प्राधिकरण.
१९८२ — नगरपालिकेची महानगरपालिका.
१९९० नंतर — चाकणचा औद्योगिक पट्टा.

१९८१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. तीस वर्षांत जवळपास सातपट. एवढ्या माणसांची घरं, रस्ते, गटारं, पूल यांच्या खडीचा हिशेब कुठेतरी असायला हवा. कागदावर तो पूर्ण सापडत नाही. जमिनीत मात्र तो खड्ड्याच्या आकाराने शिल्लक आहे.

खड्ड्याचा हिशेब कसा करायचा

समजा, एक खाण १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि २० मीटर खोल आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेत. घनफळ झालं १ लाख २० हजार घनमीटर. आपल्याकडे खडीचा व्यवहार ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे हा खड्डा सुमारे ४२ हजार ब्रासचा. घट्ट बेसॉल्टची घनता घनमीटरला २.९ टनांच्या आसपास धरली, तर साडेतीन लाख टनांच्या जवळपास दगड इथून गेला.

आता थांबा. इथे नवे संशोधक घाई करतात. खड्डा मोजला तो अखंड दगडाचा. ट्रकमध्ये जाते ती फोडलेली खडी, आणि फोडल्यावर दगड फुगतो, कारण मध्ये हवा येते. म्हणजे खड्ड्यातले ब्रास आणि ट्रकमधले ब्रास एक नव्हेत. शिवाय वरचा मुरूम वेगळा काढलेला, काही माल वाया गेलेला, काही खड्डा नंतर राडारोड्याने भरलेला. तुम्ही काढलेला आकडा स्वामित्वधनाच्या नोंदीशी ताडून बघणार असाल, तर आधी विचारा, की दोन्ही बाजूंनी एकच वस्तू मोजली आहे का? हा प्रश्न न विचारता कुणावर चोरीचा आरोप करणं जसं चूक, तसंच 'नोंद आहे म्हणजे तेवढंच काढलं' असं मानणंही चूक.

कालक्रम कुठून मिळवायचा

खाण कधी सुरू झाली हे सांगणारी पाटी नसते. मग चार मार्ग.

पहिला, नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या मालिकेतला ४७ एफ/१४ हा नकाशा पिंपरी आणि मोशीचा, चाकण त्याच्या वरच्या ४७ एफ/१३ मध्ये येतं, आणि घोरावडेश्वर ४७ एफ/१० मध्ये. वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवा आणि समोच्च रेषा कुठे तुटल्या ते बघा.

दुसरा, वरून घेतलेली चित्रं. अमेरिकेच्या 'कोरोना' हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. लँडसॅट १९७२ पासून आहे. जुन्या लँडसॅटमध्ये लहान खाण दिसणार नाही, कारण त्याचा एक ठिपकाच मोठा. कोरोनामध्ये दिसू शकते. साधनाची मर्यादा आधी ओळखा, नाहीतर 'दिसलं नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असा लावून बसाल.

तिसरा, कागद. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं म्हटलं. त्यानंतर मंजुरीचे अर्ज आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल तयार होऊ लागले. म्हणजे अलीकडच्या खाणींचे कागद बरे आहेत, जुन्यांचे विरळ. तुमच्या आलेखात २०१२ नंतर खाणी अचानक वाढलेल्या दिसल्या, तर त्या खाणी वाढल्या की नोंदी वाढल्या, हे तपासा.

चौथा मार्ग म्हणजे माणसं. त्यावर थोडं सविस्तर.

साल विचारू नका, दुष्काळ विचारा

दगडकामात पिढ्यान्‌पिढ्या असलेला समाज म्हणजे वडार. त्यातही कामावरून पोटनावं पडली: गाड्यांतून दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती-पाटे-वरवंटे घडवणारे पाथरवट. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वडार हा जातींच्या यादीतला एक परिच्छेद आहे. एकही माणूस नाही.

पुढे यात दुसरी माणसं मिसळली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर सरकारी कामं निघाली. त्यात खडी फोडणं हे मोठं काम होतं. शेतकरी बायांनी हातात हातोडी घेतली ती तेव्हा. त्या काळात मराठवाडा-सोलापूरकडून पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आलेली कुटुंबं कारखान्यात लगेच घेतली गेली असं नाही. अनेकांसाठी शहरातलं पहिलं काम बांधकाम किंवा खाण हेच होतं.

अशा आजी-आजोबांशी बोलायला जाल तेव्हा 'खाण कोणत्या साली सुरू झाली?' असं विचारू नका. साल त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. विचारा, 'मामा, दुष्काळाच्या आधी की नंतर?' 'आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही इथे होतात का?' 'थोरल्याचं लग्न झालं तेव्हा खाण किती खोल होती?' कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, किल्लारी सप्टेंबर १९९३. या तीन खुंट्यांवर पुष्कळ आठवणी टांगता येतात. एका बाईंनी मला खोली मीटरमध्ये सांगितली नाही. डबा घेऊन खाली उतरायला किती वेळ लागायचा, ते सांगितलं. सुरुवातीला हाक मारली की नवरा वर यायचा, नंतर हाक पोचेना. खोलीचं यापेक्षा चांगलं माप मला अजून मिळालेलं नाही.

आणि लिहून घ्यायच्या आधी विचारा, की नाव लिहू का? काहींना नको असतं, कारण खाण बेकायदा होती की कायदेशीर हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. काहींना मात्र नाव हवंच असतं. दोन्ही उत्तरं पाळा.

नाव कुणाचं राहतं

पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या खाणींत बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज सापडतं. जगातल्या संग्रहालयांमध्ये त्याचे नमुने आहेत आणि खालच्या चिठ्ठीवर 'वाघोली, पुणे' असं लिहिलेलं असतं. गावाचं नाव जगभर गेलं. पोकळी फुटल्यावर निळा रंग ज्याने पहिल्यांदा पाहिला आणि घण बाजूला ठेवला, त्याचं नाव चिठ्ठीवर नसतं. त्याच वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन' संस्थेने दगडफोड्यांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. कारण खाण सरकली की वस्ती सरकते आणि हजेरीपटावरूनही मुलांची नावं गळतात.

आता कार्ल्याच्या सामी सुताराला आठवा. दोन हजार वर्षांपूर्वी दार करणाऱ्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, आपल्याला मिळतं. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांची खडी फोडली, त्यांचं नाव मिळत नाही. पुरावा जुना म्हणून नाहीसा होतो हा आपला समज इथे मोडतो. पुरावा टिकतो तो कुणीतरी नोंदवायचं ठरवल्यामुळे. लेण्यात दान करणाऱ्याला आणि कारागिराला भिंत मिळाली. खाणीत भिंत आहे, पण ती उद्या पुढे फोडायचीच होती.

आणि आता तर ती भिंतही जातेय. संपलेल्या खाणी राडारोड्याने भरतात, वर मुरूम टाकून सपाट होतात, मग त्यावर भूखंड पडतात. काही ठिकाणी हे गरजेचं आहे. उघड्या, पाणी भरलेल्या खाणींमध्ये मुलं बुडतात, ही आपल्याकडची दरवर्षीची बातमी आहे. सगळे खड्डे इतिहास म्हणून जपा, असं मी म्हणणार नाही. पण बुजवण्याआधी मोजा, फोटो घ्या, आणि तिथे राबलेल्या माणसांशी बोला. हे काम करायला मोठा निधी लागत नाही. एक फीत, एक वही, मोबाइलचं जीपीएस आणि चार रविवार लागतात.

वाटेला निघणार असाल तर एवढं सांभाळा. खाणीच्या काठावर जाऊ नका, काठ आतून पोकळ असू शकतो. चालू खाणीत परवानगीशिवाय शिरू नका. सुरुंगाची वेळ आधी विचारून घ्या. लेण्यातल्या लेखावर हात फिरवू नका. स्फटिक दिसला तर फोटो काढा, खिशात घालू नका. एकटे जाऊ नका, आणि परत आल्यावर त्याच रात्री टिपणं नीट लिहून काढा.

पीएचडीचा विषय शोधताना आपण 'ज्यावर भरपूर साहित्य आहे' असा विषय बघतो. गाइडही तेच सुचवतात, आणि त्यात चूक काही नाही. पण या पट्ट्यातल्या दगडाचा, खाणींचा आणि खाणीतल्या माणसांचा इतिहास अजून लिहायचा आहे. साधनं विखुरलेली आहेत आणि सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. नकाशे आणि उपग्रह-चित्रं दहा वर्षांनीही मिळतील. त्या आजींकडे मात्र या हिवाळ्यातच जा.